बदली खलाशी

रविवार, ५ जानेवारी २०२५

सोसायटीने राहायला खोली फुकट दिली, असं तलासरीत सगळ्यांना सांगून आलोय. त्या फुकट खोलीचा खरा हिशेब असा. दोन जिपा, एक एसटी, एक रिक्षा, म्हणजे घरून साडेतीन तास. पंखा स्वतःचा आणायचा. खिडकीला लागूनच बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या, म्हणजे उशीपासून टॉवेलपर्यंत सगळ्याला एकच वास. चेअरमन चिमणकाकांनी हाक मारली की 'नाही' म्हणायची सोय नाही. शिवाय महिनाभर रविवारी घरी राहीन असा संगिताला दिलेला शब्द पहिल्याच रविवारी मोडला. बायकोचा रुसवा धरला तर एवढी महाग खोली डहाणू तालुक्यात दुसरी नसेल.

पण मी खूश आहे. पहिल्यांदाच समुद्राकाठी काम मिळालंय. तलासरीच्या बाजारात टेबल टाकून रेडिओ नि मोबाईल दुरुस्त करणारा माणूस मी. वापीला कंपनीत एसी पुसायला लागलो आणि पुसता पुसता सर्व्हर शिकलो. कागद दाखवायला नाही, कान आहेत. स्क्रू खोलायच्या आधी मी मशीन ऐकतो. पंख्याचं कुठलं पातं झिजलंय, डिस्क कुठे अडखळते, ते बाहेरून सांगतो.

वरोरच्या या मच्छीमार सोसायटीचं काम सरळ आहे. अठ्ठावन्न बोटी. बोट निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसात चिठ्ठी होते: बोटीचं नाव, बोट चालवणारा तांडेल, खलाशी. निघाली की मशीनमध्ये 'गेले'. परत आली की 'आले'. 'आले' पडल्याशिवाय पुढच्या खेपेचा बर्फ नाही, डिझेल नाही. दर मंगळवारी दुपारी एक ते अडीच ऑफिस जेवायला बंद असतं, तेवढ्यात मशीन आपल्या सगळ्या नोंदी झाडून-पुसून पुन्हा लावतं. गेले दोन महिने हे काम मध्येच पडतं. निरोप एकच, मेमरी मिळाली नाही. ते नीट करायला मी.

मंगळवार, ७ जानेवारी

एक वाजता मशीनसमोर डबा उघडून बसलो. एक बावन्नला पंखे एकदम वर चढले, डिस्क थांबली, काम पडलं. मागच्या नोंदी काढल्या. दर मंगळवारी एक बावन्नच.

योगिताला, म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना, मी समजावून सांगितलं. बायका मासळी निवडायला ताडपत्री पसरतात ना, तशी मशीनला नोंदी निवडायला जागा लागते. आपल्या नोंदी चार टोपल्यांच्या, आणि मशीन अख्ख्या किनाऱ्याएवढी ताडपत्री मागतंय. योगिताने हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता विचारलं, मग एवढी मासळी आहे कोणाची? वर म्हणाली, आधीच्या इंजिनिअरनेही असंच छान समजावलं होतं आणि तिसऱ्या दिवशी चार्जर विसरून पळाला. हवा असेल तर चार्जर घ्या.

गुरुवार, ९ जानेवारी

वापीहून मेमरी आणून दुप्पट केली. मंगळवारी बघू.

जेवण जमनाकाकींकडे लावलंय. पन्नाशीच्या आहेत, हाताला चव आहे. त्यांचे यजमान लडक्या तांडेल सात वर्षांपूर्वी 'रूपवती' बोट घेऊन गेले, बरोबर सहा खलाशी. त्यांचं काहीच परत आलं नाही, फळकूटसुद्धा नाही. मुलगी रविना डहाणूला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं झालं की आपण सुटलो, असं काकी भाकरी थापताना म्हणाल्या. त्यांचं सगळं तेवढ्यावर चाललंय.

पंगतीला बर्फखोलीवरचा धाकल्या असतो. खवचट प्राणी. तलासरीच्या माणसाला पाणी हांड्यात बघायची सवय, भरतीला खोलीत पाणी आलं तर रवीशेट पंख्यावर चढून बसतील, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. मी कसला ऐकतोय. म्हटलं, कुर्झ्याचं धरण मी या काठावरून त्या काठाला दोनदा पोहून गेलोय, तुझं खाडीचं डबकं मला सांगू नको. काकींनी खूश होऊन एक भाकरी जास्त वाढली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाल्ला, आणि एक बावन्नला काम पडलं. दुप्पट मेमरी असून.

मग बसलोच. एकेक पायरी सुटी करून चालवली तेव्हा दोष सापडला. गेल्या वर्षी योगिताने जुन्या वह्या मशीनमध्ये चढवल्या. त्यात एक खेप अशी आहे की 'गेले' आहे, 'आले' नाही. बोट रूपवती, १२ ऑक्टोबर २०१७, माणसं सात. मशीनला वाटतं बोट अजून समुद्रात आहे. दिवाळीपासून प्रत्येक बोटीची मिनिटामिनिटाची जागा नोंदवायचं नवीन यंत्र जोडलंय, म्हणून ते या बोटीसाठीही दर मिनिटाला दर माणसामागे एक ओळ धरून बसतं. अडतीस लाख मिनिटं, सात माणसं. दोन कोटी सदुसष्ट लाख ओळी, आणि दर मिनिटाला आणखी सात. तुम्ही कितीही मेमरी घाला.

योगिताला विचारलं की ही खेप बंद का केली नाही. ती पहिल्यांदाच खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, इथे न आलेल्या बोटीची ओळ तशीच ठेवतात. मशीनमध्ये न चढवलेल्या, तिच्या सासऱ्यांच्या वहीतही अशा तीन ओळी आहेत, आज्यांच्या काळापासूनच्या. कोणी हात लावत नाही. मी म्हटलं, बुडाली असं लिहा. ती म्हणाली, तो शब्द फॉर्मवर नाही आणि वहीतही कधी नव्हता. बंद करायला एकच शब्द आहे, 'आले'. आणि जे आले नाहीत त्यांना आले म्हणायचं नाही, रवीभाऊ. एवढं सांगून ती घरी जेवायला गेली.

चिमणकाकांना फोन केला. ते म्हणाले, काय करायचं ते करा, पण आकडे सरळ करा.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्या रकान्यात 'आले' घातलं. काम चार मिनिटांत पार पडलं. पंख्यांचा आवाज असा मऊ झाला की वा. योगिताला खटकलंच तर बॅकअपवरून वीस मिनिटांत होतं तसं करून देईन. माझ्या हातचं काहीही उलटं फिरवता येतं.

गुरुवार, १६ जानेवारी

धाकल्या सकाळी भांडायला आला. काल दुपारी वीस लाद्या बर्फ गेला, घेऊन जाताना कोणी दिसलं नाही, खिळ्याला फक्त चिठ्ठी लावलेली. चिठ्ठी आपल्याच मशीनची. बोट रूपवती, वेळ एक बावन्न. त्याला वाटलं मी त्याची मस्करी केली.

मला उलगडा झाला. खेप बंद झाली म्हणून मशीनने पुढच्या खेपेचा बर्फ मंजूर केला. ते साधं आहे. बर्फ कोणी नेला, ते साधं नाही. पण किनाऱ्यावर बर्फ उचलणारे कमी नाहीत.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुपारी जेवताना इंजिन ऐकलं. खाडीच्या तोंडाशी, एका सिलिंडरचं, दर चौथा ठोका गिळणारं, आणि मागे पत्रा थरथरल्यासारखा आवाज. अठ्ठावन्न बोटींची इंजिनं मी आता ओळखतो. हे त्यांतलं नाही. भर उन्हात खाडी लख्ख दिसत होती. पाण्यावर काही नव्हतं.

जमनाकाकी दारात उभ्या होत्या, हातात डाव तसाच. मागे न बघता म्हणाल्या, सायलेन्सरला पत्र्याचं ठिगळ ह्यांनी स्वतः मारलं होतं. तेलाच्या डब्याचं.

ऑफिसात परतलो. खिडकीसमोर, जिथे खलाशी चिठ्ठीला रांग लावतात, तिथे फरशी ओली होती. आत कोणी नाही. पण मी रांग ऐकली. माणूस उभ्याउभ्या या पायावरून त्या पायावर भार घेतो, ओला कपडा मांडीला चिकटतो-सुटतो, कोणीतरी घसा साफ करतं. मी मोजले. सात.

योगिताला ऐकू आलं का विचारलं. नाही म्हणाली. पण तिने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले होते.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी छपाई यंत्रात चिठ्ठी पडली होती. कोणी केलेली नाही. रूपवती, उद्या निघणार. लडक्या तांडेल, सहा खलाशी, आणि आठवं नाव धाकल्या.

त्याला दाखवली. मला वाटलं शिव्या देईल. तो बर्फाच्या लादीवर बसला, थंडी न कळल्यासारखा. म्हणाला, त्या खेपेला मी आठवा होतो. त्या दिवशी अंगात ताप होता. रीत अशी आहे की नाव दिलेला माणूस आला नाही तर त्याने आपल्या जागी बदली द्यायचा. मला बदली मिळाला नाही. तांडेल म्हणाला राहू दे, सातांत भागवतो, पुढच्या खेपेला ये.

मी चिठ्ठी फाडली आणि मशीनमधली नोंद पुसली. तासाभराने पाहिलं तर होती तिथे होती.

मंगळवार, २१ जानेवारी

एक बावन्न. इंजिन जवळ आलं, थांबलं, पुन्हा लांब गेलं.

बर्फखोलीचं दार उघडं. अर्धी कापलेली लादी, करवत तिच्यातच. धाकल्याचे गमबूट दारात, शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

मशीनवर: रूपवती, गेले, ८.
खाली: मेमरी मिळाली नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

पोलीस येऊन गेले, तीन बोटी शोधायला गेल्या. धाकल्याच्या भावाने मला विचारलं, तो तुमच्याशी काही बोलला होता का. मी सांगितलं, मस्करी करायचा.

दुपारी मशीनवर 'आले, ८' पडलं. रांग आली. मोजली. आठवा नवीन आहे, त्याचे पाय अजून फरशीवर चपचप वाजतात. बाकीच्यांचे वाजत नाहीत, नुसते ठिबकतात.

पहिली खेप पुन्हा उघडायला गेलो. 'आले' घातलेला रकाना परत रिकामा होत नाही, मशीन घेतच नाही. पुढच्या खेपा त्याच्यावर उभ्या आहेत. बॅकअपकडे वळलो. बॅकअप बनवायलाही मेमरी लागते. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या फायली आहेत, नावं बरोबर, तारखा बरोबर, आत शून्य. मी आल्या दिवशी नावं बघितली होती. उघडली एकही नव्हती.

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी मशीन बंद केलं. वायर काढून खोलीत आणली, उशीखाली ठेवली.

दुपारपर्यंत अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न बोटी बिनबर्फाच्या, बिनडिझेलच्या उभ्या. चिमणकाका दोनशे माणसं घेऊन दारात. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते रागावले नाहीत. म्हणाले, रूपवतीत माझा सख्खा भाऊ होता, तरी ती ओळ मी सात वर्षं उघडी ठेवली. आकडे सरळ करा म्हटलं तेव्हा कुठली ओळ ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. मग वायर मागितली. एवढ्या घरांच्या चुली आहेत, रवीशेट.

दिली.

सोमवार, २७ जानेवारी

चिठ्ठी. उद्या. नऊ नावं.
नववं, जमना.

काकींना योगिताने सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली. ओळ कोणी बंद केली, एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. त्या शिव्या देतील तर बरं, असं वाटलं. नाही दिल्या.

मला वाटलं होतं त्यांना जायचं असेल, नवरा बोलावतोय म्हणून. तसं नाही. म्हणाल्या, तीन दिवस दुपारी हे दारात येऊन उभे राहतात. हाक त्यांचीच आहे. पण मी तोंड बघितलंय. त्या तोंडात हाक मारणारं काही उरलेलं नाही. मला नाही जायचं, रवी. रविनाची परीक्षा मार्चमध्ये आहे. बोट माझ्याशिवाय जाईल असं काही कर.

रवीभाऊ नाही. रवी म्हणाल्या.

नंतर, तीन वाजता

पुसून होत नाही. पण चिठ्ठीत एक रकाना आहे. बदली. बोट निघेपर्यंत तो उघडा असतो, मशीनमध्येसुद्धा. नाव काढता येत नाही, नावाच्या जागी नाव घालता येतं.

खोटं नाव घातलं, घेत नाही. सभासद हवा. मेलेल्या सभासदाचं घातलं, घेत नाही.
चिमणकाकांचं घातलं.
घेतलं.

फोनवर ते कोणाला तरी हसत सांगत होते की नातवाचं बारसं — भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू येत होता. माझे कान.
काढलं. पुन्हा जमना दिसायला लागलं.

मला लॉगिन द्यायला त्यांनी मला तात्पुरता सभासद केलंय. नंबर ११७४.

मंगळवार, २८ जानेवारी

१२.४० — संगिताला फोन केला. जेवलास का म्हणाली. हो म्हटलं. रविवारी येतोस का. बघतो म्हटलं. ती म्हणाली, तुझं बघतो मला माहीत आहे. हसली.

१.१५ — योगिता काकींना स्वतःच्या घरी घेऊन गेली. दाराला आतून कडी. तिला लिहून दिलंय, कुठलीही उघडी ओळ पुन्हा कोणी बंद करायची नाही, मशीन पडलं तर पडू दे. मंगळवारचं काम हाताने दोन तुकड्यांत कसं चालवायचं तेही लिहिलंय. रूपवती वगळून चालवलं की मेमरी पुरते. इतकं सोपं होतं. ओळीला हात लावायची गरजच नव्हती.

१.२६ — परत यायची खेप? कोणी 'आले' घातलं नाही तर बोट येणार नाही, पुढचं नाव मागणार नाही. गुरुवारचं 'आले' आपोआप पडलं, कारण आल्या आठवड्यातच मी ते जागा नोंदवणाऱ्या नवीन यंत्राला जोडलं होतं, बोट खाडीत शिरली की 'आले'. ती जोडणी आत्ता तोडली. म्हणजे ही ओळ उघडी राहील. उघडी राहिलीच पाहिजे. योगिताला तेही —

१.३४ — इंजिन.

१.४१ — बदली: ११७४, रविंद्र. घेतलं. जमना गेलं यादीतून. दोनदा बघितलं. गेलं.

१.४५ — रांग आली आहे. आठ. खिडकीशी नाहीत आज. टेबलाच्या या बाजूला. डावीकडचा धाकल्या आहे, पाय अजून वाजतात थोडे. त्याच्या नाकातून पाणी —

वर बघत नाही. लिहितोय.

१.४९ — पंखे चढले. फरशीवर पाणी घोट्यापर्यंत. थंड आहे. उंबरा कोरडा दिसतोय, बाहेर ऊन आहे, वलांडीवर कोणी बाई बोंबील उलटे करतेय. ओरडलो तर ऐकू जाईल. मग ती इथे येईल. नको.

धाकल्या वाकून वाचतोय बहुतेक. हसतोय का कळत नाही.

धरणाचं मी खोटं सांगितलं होतं, धाकल्या. पोरं पोहायची, मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मला पोहता येत ना—